विलीन झालेल्या शाखा, किस्से आणि तो 'यशोगाथा' फॉर्म

विजया आणि देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, सिंडिकेट बँक वर्षभराने कॅनरा बँकेत. कागदावर एका रात्रीत उरकतं. शाखेत मात्र पुढे कितीतरी दिवस 'आमच्याकडे असं नव्हतं' चालूच राहतं. अशा शाखांमध्ये मी किस्स्यांच्या बैठका घेते: दोन्ही बँकांकडच्या माणसांनी कामातले खरे प्रसंग एकमेकांना सांगायचे, म्हणजे पद्धतींमधला फरक कळतो.

माणसं मिळाली, जागा मिळाली. घोडं अडलं ते एका बँकेच्या मनुष्यबळ विभागात. किस्से आधी लेखी हवेत, तेही 'यशोगाथा' नावाच्या फॉर्मवर: नाव, हुद्दा, मिळालेली शिकवण, खाली शाखाधिकाऱ्याची सही. साहेबांच्या सहीखालून खरा किस्सा कसा बाहेर पडणार? आले ते सगळे 'नव्या कुटुंबात आपुलकीने स्वागत झाले' छापाचे. फॉर्म रद्द करा म्हटलं की एकच उत्तर, 'रेकॉर्डला काहीतरी लागतं.' ज्यांना विचारावं ते वर बोट दाखवत. शेवटी तोड निघाली: किस्से तोंडी आणि नावाशिवाय, रेकॉर्डला एकच पान, त्यावर कुठली पद्धत ठेवायची आणि कुठली सोडायची एवढंच. हे सुरुवातीलाच मंजूर करून घ्या. फोनवरच्या 'हो'वर विसंबू नका, सहीचं पत्र घ्या.

बैठकीला आठ-दहा जण, दोन्हीकडचे निम्मे-निम्मे. 'आपली मूल्यं कोणती?' विचारलंत तर भिंतीवरचा बोर्ड ऐकायला मिळतो. विचारावं, 'ग्राहक समोर अडून उभा होता, तेव्हा कोणी काय केलं आणि आधी कोणाला विचारलं?' उदाहरणार्थ, हात थरथरतो म्हणून पेन्शनरची सही जुळत नाही. नियम दोन्हीकडे एकच: अंगठा घ्या, दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पण एकीकडे अधिकारी लगेच साक्षीला उभा राहतो, दुसरीकडे आधी प्रादेशिक कार्यालयाला फोन लागतो. सर्क्युलर वाचून हा फरक कधीच कळत नाही.

मग तोच किस्सा पलीकडच्या बँकेच्या माणसाने परत सांगायचा. तो जे गाळतो, तिथेच बहुतेक वेळा खटका असतो. सिंडिकेटची पिग्मी, म्हणजे एजंटने रोज येऊन थोडी थोडी ठेव गोळा करायची योजना, १९२८ पासून दारोदार फिरलेली. अशा मुशीतल्या माणसाच्या किश्शातला दुकानाच्या पायरीवरचा भाग काउंटरवरचा माणूस हमखास गाळतो.

हो, पासिंग करणारा, म्हणजे व्यवहारांना मंजुरी देणारा अधिकारी आणि त्याच्या हाताखालचा क्लार्क एका गटात नकोत. वेळ कॅश जुळल्यानंतरची, दीड तास पुरे. मार्चमध्ये आणि बदल्यांची यादी लागायच्या आठवड्यात बैठक ठेवूच नका, सगळ्यांचं लक्ष मोबाइलवर असतं.