बोरघाटाचा ऊर्जाहिशेब : चढणीची नोंद

रेल्वे आणि बस यांना माणशी किती ऊर्जा लागते, याचा कल्याण ते कर्जत या सपाटीवरचा हिशेब मागील नोंदीत पूर्ण झाला, म्हणून या वेळी घाट घेतला आहे. कर्जत ते लोणावळा हे अंतर 28 किलोमीटर, उंचीतील फरक सुमारे 560 मीटर, आणि सर्वांत तीव्र चढ 37 मीटरला एक मीटर.

सपाटीवर रुळावरील पोलादी चाकाचा विरोध टनामागे दोन-तीन किलो, तर बसच्या टायरचा सहा ते आठ किलो असतो, आणि रेल्वेची जी इंधनबचत आपण मिरवतो तिचा मोठा वाटा याच फरकातून येतो. या चढावर मात्र नुसते गुरुत्वाकर्षणच टनामागे 27 किलोने मागे ओढते. त्यामुळे चाक पोलादी की रबरी हा प्रश्न गौण ठरतो आणि माणशी किती वजन वर न्यायचे, एवढेच उरते.

एक टन वजन एवढे उंच न्यायला चाकापाशी दीड युनिट ऊर्जा लागते. एलएचबी या नव्या बनावटीचा रिकामा स्लीपर डबा साधारण 40 टनांचा आणि त्यात 80 बर्थ, म्हणजे माणशी अर्धा टन. त्यावर 123 टनांचे विजेवरचे डब्ल्यूएपी-7 इंजिन आणि कर्जतला शेवटच्या डब्याला अलगद येऊन टेकणारे, मग मागून रेटत राहणारे, जवळपास तेवढ्याच वजनाचे दोन बँकर, म्हणजे जादा इंजिने. बँकर गाडीला चढवतात, पण स्वतःचे वजनही त्यांनाच वर न्यावे लागते! 20 डब्यांची गाडी पूर्ण भरलेली धरली, तरी प्रवाशामागे सुमारे सव्वा युनिट पडते. 45 प्रवासी घेतलेली 15 टनांची बस तीच उंची माणशी अर्ध्या युनिटात गाठते. हा आकडा रेल्वेप्रेमी म्हणून मला रुचत नाही, पण वजनाचे गणित तसेच आहे.

बसच्या डिझेल इंजिनात इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेत जाते खरी. पण कोळशावरच्या वीजकेंद्रातही तेच होते, तेव्हा तेवढ्याने रेल्वेची बाजू सावरत नाही. तिची खरी जमेची बाजू उतारावर आहे. उतरताना बस सगळी ऊर्जा ब्रेक आणि इंजिनात घालवते, तर डब्ल्यूएपी-7 सारखे थ्री-फेज इंजिन तिचा काही भाग वीज म्हणून तारेत परत देते. पूर्वीच्या 1500 व्होल्ट डीसी तारेत अशी वीज घ्यायला साधारणतः जवळपास दुसरी गाडी चढत असावी लागे. आताच्या 25 हजार व्होल्ट एसीत ती उपकेंद्रातून मागेही जाऊ शकते. पुढील नोंदीत उताराचा जमाखर्च मांडणार आहे.