गिटारवाल्यांचा युकुलेले: वजन, नट आणि बारावा फ्रेट

गिटार बनवणाऱ्या कंपनीचा युकुलेले म्हटलं की लोक डोळे झाकून घेतात. ज्यांना एवढी मोठी गिटार जमते त्यांना चार तारांचं वाद्य काय जड, असा सरळ हिशोब. आमच्या बडोद्यात दुकानदारही हेच ऐकवतो, "बेन, कंपनी गिटारनी छे, जोवानुं ज ना होय." मला मात्र उलट वाटतं. गिटारवाल्यांचा युकुलेले हातात आला की मी जास्त बारकाईने बघते, कारण ज्या सवयींमुळे गिटार चांगली होते त्यातल्याच काही युकुलेलेचा आवाज मारतात.

मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर व्हर्निअर, फीलर गेज आणि डायल यांच्याशीच गाठ. घरी कॉलेजपासूनची गिटार आहे, आईचा मिरजेचा तंबोरा आहे. यंदा दहावीची परीक्षा संपल्यावर भावाच्या मुलीने "आत्या, मला युकुलेले हवा" म्हणून धोशा लावला. मग रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत दुकानं पालथी घातली आणि गिटार कंपन्यांचे बरेच युकुलेले निरखून, वाजवून, मोजून झाले.

सगळ्याचं मूळ ताणात आहे. स्टीलच्या तारांची गिटार सुरात लावली की सहा तारा मिळून समोरच्या फळीला सत्तर किलोच्या आसपास ओढतात. युकुलेलेच्या चार नायलॉन तारांचा ताण सगळा मिळून पंधरा किलोच्या घरात. गिटार बनवणाऱ्याला आयुष्यभर एकच धास्ती असते: फळी फुगेल, तारा जिला बांधतात ती फळीवरची पट्टी, म्हणजे ब्रिज, उखडेल. म्हणून तो फळी जाड ठेवतो, आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवतो, आणि गिटारला ते लागतंच. पण हाच माणूस युकुलेले करायला बसला की आकार लहान करतो, जाडी मात्र त्या प्रमाणात उतरवत नाही. चार हलक्या तारांत ती फळी हलवायची ताकदच नसते. आवाज येतो, पण फळीतून उमलत नाही. बोट उचललं की संपला.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली मार्टिन ही १८३३ पासून गिटार बनवणारी कंपनी. त्यांनी १९०७ मध्ये पहिल्यांदा युकुलेले करून पाहिले तेव्हा गिटारसारखी स्प्रूस लाकडाची फळी लावली आणि आत भरपूर पट्ट्या मारल्या. ते चालले नाहीत. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हवाईचं संगीत ऐकून अमेरिकेत युकुलेलेचं वेड पसरलं, आणि १९१६ च्या सुमारास मार्टिनने पुन्हा हात घातला. या वेळी महोगनीचं हलकं शरीर, आत कमीत कमी पट्ट्या. तेच युकुलेले पुढे इतके खपले की १९२० च्या दशकात कारखाना वाढवावा लागला. त्या काळातले मार्टिन आजही वाजवणारे शोधत फिरतात. कारखाना तोच, कारागीरही तिथलेच. गिटारची सवय बाजूला ठेवल्यावर वाद्य जमलं. माझ्या मते गिटार कंपनीच्या कुठल्याही युकुलेलेला हाच पहिला प्रश्न विचारावा: हा १९०७ चा आहे की १९१६ चा?

मुळात हे वाद्य गिटारच्या कारखान्यातून आलेलंच नाही. १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे लोक होनोलुलूला उतरले. त्यांच्यातल्या तिघा लाकूडकाम करणाऱ्यांनी आपल्याकडच्या छोट्या माशेत वाद्यावरून तिथे युकुलेले घडवले. पेटीचं पातळ लाकूड आणि हलका हात, हे त्याचं घराणं.

म्हणून मी आधी वजन बघते. चांगला सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या मापांतला सगळ्यात छोटा युकुलेले, साधारण साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातला काटा मी पिशवीत घालून नेला होता. दुकानदार आधी बघत राहिला, मग त्यालाच रस आला. दिसायला जुळे म्हणावेत असे दोन सोप्रानो शेजारी होते, दोन्ही गिटार कंपन्यांचे. एक ४२० ग्रॅम भरला, दुसरा ५९० च्या पुढे. दोन्हींच्या फळीवर, ब्रिजच्या जरा खाली, अंगठ्याने टिचकी मारली. हलका खुलून बोलला. जड नुसता "ठक" करून गप्प. मोबाइलचा टॉर्च लावून भोकातून दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत घातला, तर जडाच्या फळीखाली बोटाएवढ्या जाड पट्ट्या आणि वरून पॉलिशचा काचेसारखा थर. भोकाच्या कडेला जाडी सरळ दिसते, तिथे बघायला विसरू नका. प्लाय आहे की अखंड लाकूड, तेही त्याच कडेवर कळतं: अखंड असेल तर वरची नस कडेवरून खाली उतरते, प्लाय असेल तर थर दिसतात.

आता नट. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण दुकानातले निम्मे युकुलेले इथेच नापास होतात आणि कुणी तपासत नाही.

नट म्हणजे डोक्याशी असलेली ती छोटी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. कारखान्यात खाच जरा उथळ ठेवतात, कारण खोल गेली तर तार फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, खडखडते आणि माल परत येतो. उथळ राहिली तर तक्रार कोण करणार? नवशिक्याला वाटतं आपलीच बोटं कच्ची आहेत. गिटारवर हे काही अंशी खपून जातं. सोप्रानोची वाजती लांबी मात्र साधारण ३४५ मिलिमीटर, गिटारची ६४८. गिटारचा पहिला फ्रेट नटपासून ३६ मिलिमीटरवर, सोप्रानोचा १९ वर. एवढ्याशा जागेत उंच तार दाबायची म्हणजे ती ताणली जाणार आणि सूर चढणार. मोकळ्या तारा (जी, सी, ई, ए) सुरात, सी कॉर्ड सुरात, आणि एफ धरला की आंबट. कारण एफमध्ये ई तार पहिल्या फ्रेटवर दाबावी लागते.

तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटच्या जागी दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात कागदाच्या जाडीची फट हवी. पोस्टकार्ड सहज सरकत असेल तर नट उंच आहे. आम्हाला आवडलेल्या त्या हलक्या सोप्रानोमध्ये ई तार पहिल्या फ्रेटवर ट्यूनरवर १८ सेंट चढी दाखवत होती. अर्ध्या स्वराचे शंभर भाग म्हणजे सेंट. पाच-सहा कान सोडून देतो, अठरा नाही.

दुकानदार म्हणाला कंपनीचा माल असाच येतो. खरंही असेल. पण मिरजेहून तंबोरा आणताना कारागीर तारांखालची घोडी घासून जवारी काढून, ऐकून, पुन्हा घासून मगच हातात देतो. वाद्य लाकडाचं झालं म्हणजे संपलं असं तो मानत नाही. कारखान्याच्या युकुलेलेला हा शेवटचा हात कुणी लावलेलाच नसतो, आणि मला त्याचा खरोखर राग येतो, कारण चौदा-पंधरा वर्षांची मुलं "मला संगीत जमत नाही" म्हणून वाद्य कपाटावर टाकतात आणि दोष अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिकचा असतो.

१८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली, आज तीच एम. एस. युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. ती ज्या सूरसागर तलावाशी आहे त्याच बाजूला सतारी-तंबोरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी युकुलेले कधी हातात धरला नव्हता. मी दुखणं सांगितलं, त्यांनी तार बाजूला केली, सुईसारखी बारीक कानस घेतली आणि खाचेत डोक्याकडे किंचित उतार ठेवून हलकेच ओढली. फुंकर मारली, तार बसवली, कान जवळ नेला. पुन्हा ओढली. "तार खाचेच्या पुढच्या धारेवरच टेकली पाहिजे, मागे टेकली तर सूर डुगडुगेल," एवढं एक वाक्य बोलले. जवारीचा हात नटलाही चालतो हे मला तिथे कळलं. ई तार १८ वरून ४ वर आली.

बाराव्या फ्रेटचं गणित थोडक्यात सांगते. तिथे तारेला बोट नुसतं टेकवून छेडलेला सूर, म्हणजे हार्मोनिक, आणि दाबून काढलेला सूर एकच यायला हवा. ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तार टेकते ती पट्टी, एक मिलिमीटर मागे सरकली तर गिटारवर फरक तीन सेंटही पडत नाही, सोप्रानोवर तो पाचापर्यंत जातो. म्हणजे गिटारच्या कारखान्यात चालून जाणारी चूक इथे जवळजवळ दुप्पट होऊन दिसते. सी तार सगळ्यात जाड, ती आधी चढते, तिच्यापासून सुरुवात करा. तारा नव्या असतील तर त्या काही दिवस ढिल्या पडत राहतात, म्हणून प्रत्येक वेळी आधी सूर लावून मगच मोजा.

गिटार कंपन्यांचं चांगलं तेही सांगितलं पाहिजे. फ्रेट बसवण्यात त्यांचा हात साफ असतो. नेकच्या, म्हणजे दांडीच्या, कडेवरून बोट वर-खाली फिरवलं तर चांगल्या कारखान्याचा युकुलेले कुठे टोचत नाही. नेक सरळ, किल्ल्या न अडखळता फिरणाऱ्या. निव्वळ स्वस्त खेळण्यासारखे युकुलेले यात सपशेल हरतात. फक्त डोक्यावरचं नाव आणि प्रत्यक्ष कारखाना एक असेलच असं नाही. कित्येक गिटार कंपन्या युकुलेले चीन किंवा इंडोनेशियातून करून घेतात. आतल्या लेबलवर देश लिहिलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग गिटारच्या नावाचे जादा पैसे कशाचे, हे विचारायचा हक्क आपला.

आणि गिटार वाजवणाऱ्यांना एक विनंती. युकुलेलेला खर्ज नाही म्हणून नाक मुरडू नका. त्याचा सगळ्यात खालचा सूर मधला सी, गिटारच्या खालच्या ई पेक्षा दीड सप्तकाहून वर. जी तार तर मुद्दाम वरच्या सुरात लावलेली असते, तिच्यामुळेच ती झंकार येते. खर्जासाठी पेटी मोठी आणि जाड करत गेलेले काही मॉडेल मी वाजवून पाहिले. धड गिटार नाही, धड युकुलेले नाही.

प्लाय की अखंड लाकूड, हा वाद बडोद्यात तरी हवामानाने सुटतो. मे महिन्यात कोरडी भट्टी, जुलैत भिंतींना ओल. अखंड पातळ फळी यात आकसते, फुगते, कधी चिरते, आणि नेक सुकला की फ्रेटची टोकं बाहेर येतात. पेटीत ठेवून काळजी घेणार असाल तर अखंडच घ्या, आवाजाला तोड नाही. शाळकरी मुलगी गाडीच्या डिकीत टाकून कमाटीबागेत मैत्रिणींकडे नेणार असेल तर पातळ प्लायचा, नट दुरुस्त करून घेतलेला कॉन्सर्ट साइझ, म्हणजे सोप्रानोहून एक माप मोठा, बरा. कॉन्सर्टची लांबी साधारण ३८० मिलिमीटर, बोटांना जागा मिळते आणि मोजमापातल्या चुकाही थोड्या झाकल्या जातात.

आमच्या घरी मात्र तो ४२० ग्रॅमवाला सोप्रानोच आला, कारण तिला आवाज त्याचाच आवडला होता. तो महोगनीचा, पातळ प्लायचा आहे. एफ आता सुरात लागतो, आणि ती सध्या बी फ्लॅटवर अडली आहे. त्याला सरावच हवा, तिथे कानस कामाची नाही.