पयल्या वयनावर भिडत कावून नाई?

दारव्हा रोडला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. युरोपातल्या फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात. ट्रॅक्टर न्यायला आलेले दोन-चार जण तेव्हा बाजेवर बसलेलेच असतात. मोबाईलवर गाड्या सुटल्या की त्यातलं कोणीतरी विचारतंच, "भाऊ, हे सारे संगंच सुटतेत, मंग पयल्या वयनावर भिडत कावून नाई?" बैलांच्या शंकरपटात जोडीला आपली धाव मोकळी असते, वळणही नसतं. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मी नेहमी अर्धंमुर्धं सांगून पुन्हा स्क्रीनकडे पाहतो, म्हणून आज सगळं लिहितो.

सुटतात एकाच वेळी, पण एका रेषेवरून नाही. प्रत्येक गाडी पुढच्या जागेपेक्षा आठ मीटर मागं, एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे विसावी गाडी पहिलीच्या दीडशे मीटर मागं असते. पाच लाल दिवे एकेका सेकंदानं लागतात. पाचही लागल्यावर थोडा वेळ जातो, तो किती ते कोणालाच ठाऊक नसतं, आणि सगळे एकदम विझतात. हिरवा दिवा नाहीच, विझणं हाच इशारा. चांगल्या ड्रायव्हरचा हात साधारण दोन दशांश सेकंदात हलतो. दिवे विझण्याआधी गाडी हलली तर रस्त्यातले सेन्सर पकडतात आणि दंड होतो.

हात म्हटलं, कारण तिथं क्लच पायाशी नसतो, स्टिअरिंगच्या मागं बोटांनी ओढायची पट्टी असते. हे मला फार जवळचं वाटतं, कारण माझा अर्धा जन्म क्लचप्लेटा बदलण्यात गेला. क्लच कुठं पकडतो ती जागा प्रत्येक यंत्राची वेगळी, आणि प्लेट तापली की तीच जागा सरकते. हे ड्रायव्हर शुक्रवार-शनिवारी पुन्हा पुन्हा सुटायचा सराव करतात तो ती जागा शोधण्यासाठी. सुटताना पट्टी आधी त्या जागेपर्यंत सोडायची, तिथं क्षणभर धरायची, चाकांनी रस्ता धरला की उरलेली सोडायची. एकदम सोडली तर मागची चाकं जागेवरच फिरतात, जास्त धरली तर शेजारचा निघून जातो. पूर्वी हे काम कॉम्प्युटर करायचा. लाँच कंट्रोल 2004 पासून बंद झालं, चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल 2008 पासून. माझ्या मते फार चांगलं केलं.

सतरा वर्षांचा असताना कापसानं भरलेली ट्रॉली लावून मी चढावर क्लच झटक्यात सोडला होता. ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली. बाबा शेजारी मडगार्डवर बसले होते, त्यांनी क्लच दाबायला लावला म्हणून आम्ही दोघं वाचलो. तेव्हापासून क्लच हळू सोडणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता वळण. तिथली खरी अडचण वेगाची नाही, थंड ब्रेकची आहे. त्यांचे ब्रेक कार्बनचे, तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. टायरचंही तसंच. म्हणून शर्यतीआधीच्या फेरीत गाड्या नागमोडी पळतात, मध्येच करकचून ब्रेक मारतात. पण पहिल्या नंबरचा सगळ्यांत आधी आपल्या जागेवर येतो आणि शेवटची गाडी लागेपर्यंत उभा राहतो. तापवलेलं तेवढ्यात निवायला लागतं. त्यात पेट्रोलची टाकी शर्यतीत सगळ्यांत जड असते ती याच वेळी. शिवाय पुढच्या गाडीनं वारा मोडलेला असतो, त्यामुळे गाडीला जमिनीवर दाबून धरणारी हवा मागच्याला कमी मिळते. म्हणून दहाव्या फेरीत जिथं ब्रेक मारतात, त्याच्या बऱ्याच अलीकडे पहिल्या फेरीत मारावा लागतो. आणि हे पुढच्यानं, मागच्यानं, बाजूच्यानं सगळ्यांनी ओळखायचं.

मागच्यांचं जास्त कठीण. जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग आठवा. पुढच्यानं वेग थोडा कमी केला की दुसरा जरा जास्त कमी करतो, आणि शेवटच्याला पार थांबावं लागतं. वळणावर हेच होतं. म्हणून बाराव्या-पंधराव्या नंबरचा जाणता ड्रायव्हर समोरच्या गाडीकडे पाहत नाही, तिच्या पुढच्या तिसऱ्या-चौथ्या गाडीकडे पाहतो. आतली बाजू जवळची, पण तिथं घुसलेला कोंडला जातो. बाहेरची लांब, आणि तिथं आतला घसरला की तुम्हाला बाहेर ढकलतो. कुठं जायचं हे सुटल्यावर ठरवायला वेळ नसतो. दोन-तीन वाटा आधीच डोक्यात ठेवाव्या लागतात. मेक्सिकोत पहिलं वळण आठशे मीटरवर आहे. तिथं पुढच्याच्या आडोशाला राहून मागचा गाठतो, म्हणून पहिल्या नंबरचीही खात्री नसते.

तर उत्तर हे, की ते जागा सोडतात म्हणून भिडत नाहीत. दोघं वळणात शेजारी शेजारी असले तर एका गाडीपुरती वाट दुसऱ्यासाठी ठेवायची.

न ठेवल्यावर काय होतं? 2012 साली बेल्जियमच्या स्पा इथं रोमां ग्रोजाँ उजवीकडे सरकत गेला, तिथं लुईस हॅमिल्टन होता. चाकाला चाक लागलं आणि ग्रोजाँची गाडी फर्नांडो अलोन्सोच्या डोक्याजवळून उडाली. अलोन्सो थोडक्यात वाचला. ग्रोजाँवर एका शर्यतीची बंदी आली. 2018 मध्ये त्याच वळणावर अलोन्सोचीच गाडी, मागून धडक बसून, चार्ल्स लेक्लेर्कच्या डोक्यावरून गेली. तोवर ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हेलो नावाची कमान सक्तीची झाली होती. ती नसती तर काय झालं असतं, हे मला बोलवत नाही.

1990 च्या, जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीबद्दल गप्प बसणं मला जमत नाही. आयर्टन सेना पहिला होता, पण त्याची जागा रस्त्याच्या मळक्या बाजूला. गाड्या रोज जिथून जातात तिथं रबर बसून पकड येते, दुसऱ्या बाजूला धूळ. आपल्या डांबरी रस्त्याच्या कडेला गिट्टी साचते तसंच. बाजू बदलून मागितली, मिळाली नाही. ॲलन प्रॉस्ट पुढं निघाला आणि पहिल्याच वळणावर सेना त्याच्यावर जाऊन आदळला. ठरवून केलं, हे त्यानं पुढच्या वर्षी स्वतःच सांगितलं. तक्रार त्याची खरी होती. पण मागून बाकीच्या गाड्या येत होत्या. मी त्याला फार मानतो, आणि त्या दिवसासाठी माफ करत नाही.

पुढच्या रविवारी याल तेव्हा सहा वाजताच या. बाकीचे लोक दिवे विझल्यावर पाहायला लागतात. तुम्ही त्याआधीची फेरी पाहा, कोण ब्रेक कसा तापवतो ते. आणि सुटल्यावर पहिल्या नंबरकडे पाहू नका, मधल्या एखाद्याच्या गाडीवरचा कॅमेरा दाखवतील, तो बघा.