होडी कुठाय?

ताईचा धाकटा ईशान ह्यूस्टनहून तीन आठवड्यांसाठी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत दोनच गोष्टी नीट गुंडाळलेल्या होत्या. एक आजीची चॉकलेटं आणि दुसरा चार तुकड्यांत उघडणारा मासे पकडायचा रॉड. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यानं विचारलं, "मामा, इथलं फिशिंग लायसन्स कुठे मिळतं?"

मी हसलो, तो हसला नाही. त्याच्याकडे टेक्सासचा परवाना होता, फोनमध्येच. तिकडे सतरा वर्षं पूर्ण झालेल्या जवळपास प्रत्येकाला तो लागतो, स्वतःच्या नावाचा. तिथल्या रहिवाशाला गोड्या पाण्याचा 30 डॉलर, खाऱ्याचा 35, दोन्हीचा मिळून 40. म्हणजे आपले साडेतीन हजारांच्या आसपास. परराज्यातल्या माणसाला हेच दोन्हीचं पॅकेज 68 डॉलरला पडतं. वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं, 31 ऑगस्टला संपतं. गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्यावर वॉर्डन येऊन परवाना तपासतो, मासा मोजतो. रेड ड्रम नावाचा एक मासा आहे, तो 20 इंचांपेक्षा लहान असेल तर सोडायचा आणि 28 पेक्षा मोठा असेल तरीही सोडायचा. तसला मोठा एखादा ठेवायचाच असेल तर परवान्याबरोबर आलेला टॅग त्याला बांधायचा. मोठा मासा हातात आल्यावर सोडायचा, हे आईला काही केल्या पटेना.

आमचं पार्ल्याचं घर पक्कं मासेखाऊ, पण मासेमारीशी संबंध ताटापुरताच. बांगडा कसा निवडायचा ते मला कळतं, तो पकडायला कोणाची परवानगी लागते हे पन्नाशी उलटली तरी मी कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, चला, वेसाव्याला जाऊन विचारू.

गुरुवारी सकाळी लोकलनं अंधेरी, तिथून मेट्रोनं वर्सोवा आणि पुढे शेअर रिक्षा. मेट्रोच्या पाटीवरचं वर्सोवा आणि कोळीवाड्यातलं वेसावे यांच्यात रिक्षाची दहा मिनिटं आहेत, पण उतरल्यावर नाक सांगतं की गाव बदललं. डिसेंबरचं कोरडं ऊन, त्यामुळे वलांडींवर बोंबील लागले होते. बांबूंच्या मांडवावर दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबलांच्या जोड्या. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना गाठ, ना चिमटा. एक मावशी बोलता बोलता, हाताकडे न बघता, हे करत होती. ईशाननं एक जोडी करून पाहिली. बोंबलाचे दात बारीक पण खरे असतात, हे त्याला तेव्हा कळलं. "ए बाला, राहू दे," मावशी म्हणाली आणि तिनं त्याचं बोट सोडवून दिलं.

तिनंच आम्हाला एका नाखवाकडे, म्हणजे होडीच्या मालकाकडे धाडलं. तो खाडीकाठी होडीच्या सावलीत डोलीचं जाळं शिवत बसला होता. मी विषय काढला. त्यानं आधी ईशानच्या रॉडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कनचा परवाना? गरवायचा?"

कोळीवाड्यात आणि कोकणात गळानं मासे धरण्याला गरवणं म्हणतात आणि पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकून धरण्याला पागणं. या दोन्हींना मासेमारी म्हणायचं नाखवाच्या मनात नव्हतं. त्याच्या लेखी मासेमारी होडीनं होते. पण कागद दाखवायला तो खूश होता. निळी प्लास्टिकची फाइल, तिच्यावर रबरबँडचे तीन वेढे आणि बाहेरून दुधाची धुतलेली पिशवी, पाणी लागू नये म्हणून. आत नोंदणीचं प्रमाणपत्र, मासेमारीचा परवाना, विमा, खलाशांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स, मच्छीमार सोसायटीची कागदपत्रं. नोंदणी म्हणजे होडीचा जन्मदाखला, ती आता केंद्राच्या रिअलक्राफ्ट नावाच्या पोर्टलवर होते. त्या नोंदणीचा आयएनडी-एमएचनं सुरू होणारा नंबर होडीच्या अंगावर रंगवलेला असतो. परवाना हा त्याहून वेगळा कागद, तो राज्याचा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द, त्यापुढे 200 मैलांपर्यंत केंद्राची.

ईशाननं त्याचा ठरलेला प्रश्न विचारला: "किती खर्च येतो?"

नाखवा म्हणाला, "फीनं कोन बुडला नाय. डिझेलनं बुडतात."

मग त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार आणि त्यांचं रेशन, जाळ्याची डागडुजी, इंजिनाचं काम, विमा. परवान्याची फी या यादीत आलीच नाही. परवान्याची किंमत त्याच्या हिशेबात उलटीकडून होती: तो नसला तर काय जातं. डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो तो सोसायटीमार्फत आणि कागद चालू असतील तरच. म्हणजे फी भरली नाही तर फी वाचते आणि परतावा जातो. मला हा हिशेब आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा वाटला, पण बोललो नाही.

दंडाचं मात्र तो जपून बोलला. 2021 मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून आकडे मोठे झालेत. माशांच्या थव्याला वेढा घालणारी पर्ससीनसारखी जाळी परवानगीशिवाय वापरली तर 1 लाखापासून 6 लाखांपर्यंत, एलईडी दिवे लावून मासे गोळा केले तर 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत. दिव्यांवर बंदी केंद्रानं 2017 मध्येच घातली होती. डोलीवाल्याला यातलं काही लागत नाही, त्याचं जाळं ओढीच्या पाण्यात तोंड उघडून एका जागी उभं असतं, येईल ते घेतं. पण दिवेवाल्यांनी बाहेरच मासा उचलला तर डोलीत येणार काय? एवढं म्हणताना त्याची सुई थांबली होती.

1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिकी होड्यांना बंदी असते, हे आपल्याला बाजारातल्या पापलेटच्या भावावरून माहीत असतं. वर्षभराचा खर्च दहा महिन्यांत काढायचा असतो, हे मला त्या फाइलसमोर बसून कळलं. पापलेट 2023 पासून आपला राज्यमासा आहे. त्याच वर्षी राज्यानं 54 जातींच्या माशांसाठी किमान माप ठरवलं, त्याहून लहान मासा धरायचा नाही. ईशानला हे ऐकून बरं वाटलं, ओळखीचं काहीतरी सापडलं. त्यानं गॅल्व्हस्टनच्या मोजपट्टीची गोष्ट सांगितली. नाखवानं विचारलं, "आनि डोलीत एकदम आले तं? एकेकाला मोजू?"

दुपारी आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठल्या ते सोडा, कारण तिथली बाई इतकी चांगली वागली की तिच्यावर उगाच प्रश्नांची रांग लागायची. मी म्हणालो, परवाना हवाय. तिनं फॉर्म पुढे सरकवला आणि पेन उचललं.

"होडीचं नाव?"

"होडी नाहीये."

"इंजिन किती सिलिंडरचं?"

"मॅडम, होडीच नाहीये."

"मग परवाना कशाला देऊ?"

हा प्रश्न तिनं चिडून विचारला नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. ईशाननं रॉडची पिशवी टेबलावर ठेवली आणि उघडून दाखवली. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बघायला आले. रीळ फिरवून झालं, किंमत विचारून झाली. मग बाईंनी सरळ सांगितलं: कायद्यात परवाना नौकेला आहे, नौकेच्या मालकानं अर्ज करायचा. काठावर उभं राहून गळ टाकणाऱ्यासाठी आमच्याकडे फॉर्म नाही. फक्त बंदरात, गोदीत, नौदलाच्या हद्दीत जाऊ नका, तिथे तुम्हाला आम्ही नाही, दुसरेच लोक पकडतील.

बाहेर आल्यावर ईशान बराच वेळ गप्प होता. फुकट आहे म्हटल्यावर आनंद व्हायला हवा, पण त्याला ते अपुरं वाटत होतं. तिकडे 40 डॉलर भरले की समुद्र थोडासा आपला होतो, असं काहीसं तो म्हणाला. इथे समुद्र होडीवाल्याचा आणि काठ कोणाचाच नाही. मला वाटलं, काठ सगळ्यांचा आहे असंही म्हणता येईल, पण वांद्र्यापासून कुलाब्यापर्यंत काठाचं काय काय झालंय ते आठवून मीही गप्प बसलो.

गोड्या पाण्याचं काय, म्हणून शनिवारी पवईला गेलो. 1891 च्या सुमाराचा हा तलाव, पिण्यासाठी बांधलेला आणि त्या कामाचा न राहिलेला. गळवाल्यांची संघटना इथे 1955 पासून आहे, पण ती सभासदांची. राज्यात इतरत्र तलाव आणि धरणं बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात. म्हणजे तिथेही एकट्या माणसाला विचारतो कोण? जलपर्णीच्या कडेला बसून आम्ही भेळ खाल्ली. मगरींपासून सावध राहा अशी पाटी वाचून ईशाननं पाय वर घेतले.

संध्याकाळी वांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर उतरलो. ओहोटी संपून पाणी वर यायला लागलं होतं. तिथे सात-आठ जण आधीच होते, एकाकडेही रॉड नव्हता. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, टोकाला नट-बोल्टचं वजन. एका म्हाताऱ्या काकांनी ईशानचा कृत्रिम चंदेरी मासा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, परत दिला आणि आपल्या डब्यातली कोळंबी त्याच्या गळाला ओवून दिली. गळ शेपटीकडून घालून पाठीत वळवायचा, टोक जेमतेम दिसेल इतकंच.

वीस मिनिटांनी रॉड वाकला. शिंगाळा होता, हातभरही नाही. ईशान तो धरायला गेला तसे काका ओरडले आणि त्यांनी त्याचा हात झटकला. चपलेखाली मासा दाबून त्यांनी पक्कडीनं तिन्ही काटे मोडले, एक पाठीवरचा आणि दोन कल्ल्यांजवळचे. हे काटे लागले तर रात्रभर ठणका लागतो. मग गळ काढून त्यांनी मासा ईशानच्या हातात ठेवला.

ईशाननं तो पाण्यात सोडला.

काका काही क्षण पाण्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोळंबीचे वीस रुपये झाले."