तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे कार्डात घालू की प्रोसेसरात?

"बजेट कमी आहे, गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायचाय. प्रोसेसरवर जास्त पैसे घालू की ग्राफिक्स कार्डावर?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. सोबत बहुतेक वेळा पार्टची यादीही असते आणि त्या यादीत मॉनिटर हमखास नसतो. तो "आहे तो चालेल" किंवा "नंतर बघू" या खात्यात गेलेला असतो. म्हणून उत्तर देण्याआधी मीच उलट विचारतो: खेळणार कुठल्या स्क्रीनवर, आणि काय खेळणार?

कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे एकेका चित्रात, किती पिक्सेल रंगवायचे आहेत हे स्क्रीन ठरवते. १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७० हजार पिक्सेल. २५६० बाय १४४० म्हणजे जवळपास ३७ लाख. ३८४० बाय २१६० म्हणजे ८३ लाखांच्या घरात, पहिल्याच्या बरोबर चौपट. प्रोसेसरला या आकड्यांशी फारसं देणंघेणं नसतं. शत्रू कुठे वळला, गोळी कुणाला लागली, भिंत पडली तर तुकडे कुठे उडाले, हे त्याचे हिशेब, आणि ते लहान स्क्रीनवर जेवढे तेवढेच मोठ्या स्क्रीनवर. त्याचा जीव निघतो तो सेकंदाला जास्त फ्रेम मागितल्यावर. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरसाठी एक फ्रेम तयार करायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी सातही मिळत नाहीत.

खेळांचंही तसंच. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट खेळणाऱ्याला भरपूर फ्रेम हव्या असतात, तिथे चांगल्या प्रोसेसरचा उपयोग दिसतो. सायबरपंक २०७७ सारखा गेम मात्र कार्डाचा घाम काढतो. तुम्ही १०८० च्या स्क्रीनवर असे मोठे गेम खेळणार असाल, तर माझं उत्तर सरळ आहे: सगळ्यात मोठा वाटा कार्डाचा, एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत गेला तरी हरकत नाही. प्रोसेसर सहा कोरचा, म्हणजे आत हिशेब करणारे सहा भाग असलेला, पुरे. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोर आणि बारा थ्रेडचे (एका वेळी बारा कामं हाताळणारे), अजूनही व्यवस्थित पळतात. यातल्या इंटेलच्या नावामागचा 'एफ' लक्षात ठेवा. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, आणि रायझन ५६०० मध्येही नसतं. "कार्ड पुढच्या महिन्यात घेईन" असा विचार असेल, तर तोवर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

जुना कॉम्प्युटर असेल आणि नेमकं काय बदलायचं ते कळत नसेल, तर फुकटात करता येणारी एक तपासणी आहे. नेहमीचा गेम लावा, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघा, मग सेटिंगमध्ये जाऊन फक्त रिझोल्युशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, बरंच खाली आणा. एफपीएस चांगला वाढला तर कार्ड कमी पडतंय. जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर अडवतोय, आणि नवं कार्ड घेऊन तुमच्या हाती फारसं लागणार नाही. तपासताना व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर आकडा हलणारच नाही.

आता पैसे कुठे वाचवायचे. माझा ठोकताळा एवढाच: जे नंतर दहा मिनिटांत बदलता येतं किंवा वाढवता येतं, तिथे आज हात आखडता घ्या. जे बदलायला सगळा डोलारा उतरवावा लागतो, तिथे नको. एसएसडी (गेम आणि फाइली साठवायची डिस्क) आज लहान घेतली तर पुढे दुसरी जोडता येते. सर्वात वेगवान एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीमागेही धावू नका. साध्या, जुन्या साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, एनव्हीएमई कागदावर त्याच्या कितीतरी पट, पण बहुतेक गेम उघडताना तो फरक फारसा जाणवत नाही. कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांचे पैसे तर सरळ कार्डाकडे वळवा. कॅबिनेटला पुढून जाळी हवी, हवा आत यायला हवी, बास.

मदरबोर्ड मात्र विचार करून घ्या, कारण त्याच्यासोबत तुम्ही सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, निवडत असता. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आला आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर त्यातल्या बऱ्याच जुन्या बोर्डांवरही बसला. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटवर प्रोसेसरच्या दोनच पिढ्या आल्या. आज एएमडीचा नंतरचा सॉकेट एएम५ घेतलात तर पुढे प्रोसेसर बदलायला वाव राहतो, पण त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते आणि खर्च तिथे वाढतो. अगदीच ओढाताण असेल तर मी अजूनही एएम४ सुचवतो. तो रस्ता पुढे जात नाही हे माहीत असूनही, कारण वाचलेले पैसे कार्डात गेले तर खेळताना ते दिसतात.

रॅम १६ जीबी घ्या, पण ८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली की प्रोसेसर एकाच चॅनेलमधून डेटा ओढतो. डीडीआर४-३२०० ला एका चॅनेलचा वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन पट्ट्यांनी तो दुप्पट होतो. चार खाचांच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवायच्या. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. नाही केलं तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर निमूटपणे चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

यादी पाहताना मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, कारण काटछाट तिथेच झालेली असते. खोक्यावर '४५० वॅट' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. बाजूला चिकटवलेला तक्ता वाचा आणि त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर दिलेत ते बघा. कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही मुख्यतः तिथूनच वीज घेतात. अँपिअरला १२ ने गुणलं की खरी ताकद कळते. ३७ अँपिअर असतील तर ४४४ वॅट, म्हणजे नाव सार्थ. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट, मग वर ४५० लिहा नाहीतर आणखी काही. रेडिऑन आरएक्स ६६०० कार्डाला १३२ वॅट, रायझन ५६०० ला भर कामात ७६ वॅटपर्यंत, मिळून झाले २०८. मदरबोर्ड, पंखे, डिस्क अजून मोजलेच नाहीत. असा एसएमपीएस एका जड दृश्यात मान टाकणार, आणि जाताना सोबत काय घेऊन जाईल ते सांगता येत नाही. '८० प्लस'चा शिक्का चांगला, पण तो सांगतो ती कार्यक्षमता, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते ते. आतली संरक्षणं कशी आहेत याबद्दल तो गप्प असतो. त्यासाठी उघडून, भार देऊन केलेली परीक्षणं वाचावी लागतात. वेळ जातो, पण हा भाग पुढच्या कॉम्प्युटरातही वापरता येतो. मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, घेतलात तर एका कंपनीच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका; टोक बसतं, आतली तारांची मांडणी वेगळी असते.

कार्ड घेताना नावावर भुलू नका. जीफोर्स जीटी १०३० याच नावाने दोन कार्डं विकली गेली: २०१७ च्या जीडीडीआर५ वाल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, २०१८ च्या डीडीआर४ वाल्याचा १६.८. नाव तेच आणि मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी आवृत्त्यांत मेमरीसोबत कोरांच्या संख्येतही फरक होता, ११५२ आणि १२८०. आरएक्स ६५०० एक्सटी हे आणखी एक. त्यावर ४ जीबी मेमरी आणि पीसीआयई ४.० च्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या) फक्त चार लेन. जुन्या ३.० च्या बोर्डावर तो रस्ता निम्मा होतो, आणि मेमरी भरली की कार्डाला त्याच अरुंद रस्त्याने रॅमकडे धावावं लागतं. म्हणजे ज्याचा बोर्ड जुना, बजेट कमी, त्यालाच ते सगळ्यात कमी देतं. हे मला मनापासून खटकतं, कारण विचारणाऱ्यांत बरेच जण पहिल्यांदाच साठवलेल्या पैशांतून काही मोठं घेत असतात. आज नवं कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नका.

"सेकंडहँड घेऊ का?" हा प्रश्न मागोमाग येतोच. कार्ड घ्या, पण चालवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस राबवून चलन मिळवणं) थांबलं आणि तिथे राबलेली बरीच कार्डं बाजारात आली. ती सगळी वाईट नव्हती, पण पंखे आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या) झिजलेले असू शकतात. अर्धा तास जड गेम चालवायला सांगा, तापमान बघा, स्क्रीनवर ठिपके किंवा पट्टे उमटतात का बघा, पंख्याला कान लावा. प्रोसेसर सहसा टिकाऊ. एएम४ चा घेताना उलटा करून पिना बघा. इंटेलच्या अलीकडच्या सॉकेटांत पिना बोर्डावर असतात, तेव्हा तिथे बोर्ड तपासा. फार जुना प्रोसेसर मात्र नको: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. सेकंडहँड एसएमपीएस घेऊ का, याला माझं उत्तर नाही.

सगळं जुळवून झालं की मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डाला नको. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. १४४ चा मॉनिटर तिथे बऱ्याचदा ६० वरच बसलेला असतो, तो हाताने बदलावा लागतो.