कॅलेंडरातली तीस शून्यं

टॅबवर सर्वेक्षणाचा फॉर्म हिरवा होता, म्हणजे मशीनच्या लेखी सगळं ठीक. झालेली मुलं तीन, जन्म-इतिहासात, म्हणजे बाईच्या सगळ्या बाळंतपणांच्या यादीत, तीन, वारलेलं एकही नाही, बेरीज जुळलेली. बीड जिल्ह्यातलं ऊसतोडीचं गाव, बाई 29 वर्षांची, धाकट्या मुलानंतर टाक्याचं, म्हणजे मूल बंद करायचं, ऑपरेशन झालेली. असे फॉर्म माझ्याकडे तपासायला ढिगाने येतात. हा मी कॅलेंडर बघून अडवला.

प्रजननाच्या सर्वेक्षणात कॅलेंडर म्हणजे मागच्या पाच वर्षांचा पट, एका महिन्याला एक खाना. ज्या महिन्यात बाळंतपण झालं तिथे ‘बी’. त्याआधीच्या आठ महिन्यांत ‘पी’, म्हणजे दिवस गेलेले. गर्भनिरोधक साधन वापरलं असेल तर त्याचा अंक आणि काहीच नसेल तर शून्य. साधन सोडलं असेल तर का सोडलं, ते शेजारच्या रांगेत. आधी जन्म भरायचे, मग गर्भारपणं, आणि उरलेल्या मोकळ्या खान्यांत साधनं. हा क्रम मोडला की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

या बाईने आशाताईकडून माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या होत्या. त्या मार्च 2019 मध्ये सोडल्या, कारण ‘मूल हवं होतं’. पुढचे ‘पी’ सुरू होतात ऑक्टोबर 2021 पासून, जून 2022 च्या मुलाचे. मध्ये एप्रिल 2019 ते सप्टेंबर 2021, सलग तीस शून्यं. ज्या बाईला मूल हवंय, जिला आधीच्या दोन खेपांना लगेच दिवस गेलेत, तिचे हे तीस महिने मोकळे कसे? दोन उत्तरं एकमेकांशी जुळतात की नाही, एवढंच मशीन तपासतं. जे दोन्हीकडे सांगितलंच नाही, ते त्याला दिसत नाही.

मुलाखत घेणारी मुलगी कामाला वाईट नव्हती. पण एजन्सी भरलेल्या फॉर्मामागे पैसे देते आणि संध्याकाळी आकडा मागते. अशा वेळी पहिला बळी जातो तो जन्म-इतिहासातल्या सगळ्यात कंटाळवाण्या प्रश्नाचा: ‘या दोन मुलांच्या मध्ये आणखी एखादं बाळ जन्मलं होतं का, नंतर वारलेलंसुद्धा?’ हा प्रत्येक जोडीला नव्याने विचारायचा असतो. शिवाय ‘वारलेलं नाही’ म्हटलं तरी थांबायचं नाही. ‘जन्मल्यावर रडलं किंवा हाललं, पण जगलं नाही, असं एखादं?’ हेही विचारायचंच. इथे सासू दारात बसलेली होती आणि दोन्ही प्रश्न उरकले गेले होते.

पुन्हा संमती घेऊन, घरात दुसरं कोणी नसताना मी बसले. थेट मुलाचं विचारलं नाही. गोळ्या सोडल्यावर कुठल्या कारखान्याला गेलात, टोळी नेणारा मुकादम कोण, आगाऊ उचल किती, कोयता, म्हणजे तोडीला जोडी, दोघांचाच की दिराचाही, असं विचारत गेले. मग तिनेच सांगितलं, कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, बाळंत झाले, पोरगा झाला व्हता.

आता महिना. संक्रांत झाली होती आणि लॉकडाऊन लागलं नव्हतं, म्हणजे जानेवारीचा मध्य ते मार्च 2020. वाणाचे तीळगूळ बाळंतिणीच्या उशाशी होते, म्हणून जानेवारी. मग बाळ गेलं तेव्हाचं वय. महिन्याच्या आत गेलेल्या बाळाचं वय दिवसांतच लिहावं लागतं आणि सगळे जण ‘आठवडाभराचं’ सांगतात. त्यामुळे आकडे सातवर साचतात, आणि पहिल्या सात दिवसांतले मृत्यू नंतरच्या मृत्यूंपासून वेगळे काढता येत नाहीत. म्हणून पाचवीचं विचारलं. ‘पूजली व्हती. बारसं न्हाई झालं.’ म्हणजे पाच ते बारा दिवस. तोडीचं पंधरवड्याचं बिल ज्या दिवशी झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळ गेलं, आणि बाळंत झाली तेव्हा बिलाला सात दिवस होते. 8 लिहिलं. जन्म-मृत्यूचा दाखला ना तिकडचा, ना गावचा.

कॅलेंडर बदललं: मे ते डिसेंबर 2019 ‘पी’, जानेवारी 2020 ‘बी’, शून्यं तिसावरून एकवीस. आधीच्या फॉर्मात ही बाई साधनाशिवाय दोन मुलांत मोठं अंतर राखणारी दिसत होती. अशा दहा बायका जमल्या की ‘या भागात पाळणा लांबवला जातो’ असं वाक्य अहवालात जातं. त्यावर विश्वास ठेवून कोणी तिथला गोळ्यांचा पुरवठा कमी केला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

एका बाळाने काय बिघडतं, असं मला एजन्सीत ऐकवलं गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत वारलेली बाळं, हजार जन्मांमागे 23 च्या आसपास आला. निवडलेल्या गावात 22 घरं घेतात. त्या घरांत पाच वर्षांत वारलेलं अर्भक मुळात एखादंच सापडतं, बहुतेक गावांत तेही नाही. नमुना इतका तोकडा पडतो की हा दर जिल्हावार छापतही नाहीत. तिथे गळालेलं एक बाळ पुढच्या कुठल्याही भारांकनाने, म्हणजे नमुन्यातल्या नोंदींना कमीजास्त वजन देण्याने, परत येत नाही. भारांकन नोंदलेल्यांनाच वजन देतं.

त्या गावातले लांब शून्यांचे बाकीचे फॉर्म मी काढले. एकीला खरंच दिवस राहत नव्हते. अंबाजोगाईच्या दवाखान्याचे कागद तिने स्वतःहून पुढे केले. दुसरी माहेरी गेली होती आणि पथक पुढच्या तालुक्यात हलवायची घाई होती. तिचा फॉर्म हिरवाच गेला. सोबत मी शेरा जोडला आहे: ‘मधल्या जन्माची खात्री केलेली नाही.’ विश्लेषणाच्या फाइलमध्ये शेऱ्याचा रकाना नसतो. तो असावा म्हणून मी लेखी मागणी केली आहे.