तोंड आलंय, पण हे उष्णतेचं नाही

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज आला, मुलगा दोन दिवस काहीच खात नाहीये, ताप आहे, लाळ सारखी गळतेय, दाढा येत असतील का? मी वाचलं आणि सरळ फोन लावला तिला, कारण मागच्या जुलैत अगदी हेच मी चार जणींना विचारत बसले होते आणि त्यात माझा दीड दिवस गेला.

लेक तेव्हा अडीच वर्षांची होती. सकाळी छान खेळली, दुपारी झोपून उठली ती अंग भाजतंय अशी, थर्मामीटरमध्ये 103. सर्दी नाही, खोकला नाही, काही नाही. संध्याकाळी दूधभाताचा एक घास घेतला आणि तसाच गालात धरून बसली. गिळेना पण आणि थुंकेना पण, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम रडायला लागली आणि सगळा घास हनुवटीवरून खाली आला. मी म्हटलं नखरे चाललेत, जरा दटावलंही तिला. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. रात्री बघते तर फ्रॉकचा गळा ओला, उशी ओली. तिला स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नव्हती हो, इतकं दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टॉर्च मारून मलाही बघायला लावलं. पार मागे, पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, टाळूच्या मऊ भागावर, मोहरीएवढे राखाडी-पांढरे ठिपके आणि प्रत्येकाभोवती लालभडक कडा. मी सात मोजले. हिरड्या आणि ओठ एकदम स्वच्छ. नुसतं ओठ उघडून बघितलं असतं तर काहीच दिसलं नसतं, आणि मी तेच केलं होतं.

याला हर्पान्जायना म्हणतात. नाव ऐकून मला वाटलं हर्पीसचा, म्हणजे तोंडात-ओठांवर फोड आणणाऱ्या दुसऱ्या एका व्हायरसचा, प्रकार आहे की काय, तर नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे होतं एन्टेरोव्हायरस म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या व्हायरसांच्या गटामुळे, बहुतेक वेळा त्यातल्या कॉक्सॅकी व्हायरसमुळे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कॉक्सॅकी नावाचं गाव आहे, तिथल्या मुलांमध्ये तो 1948 च्या सुमारास पहिल्यांदा सापडला म्हणून हे नाव. हाच व्हायरस कधी तोंडाबरोबर तळहात आणि तळपायावर पण फोड आणतो, मग त्याला हॅण्ड फूट माउथ म्हणतात. 2022 मध्ये केरळात कोल्लमला टोमॅटो फ्लू म्हणून जी घबराट झाली होती ना, तेव्हा केरळातून इंग्लंडला परत गेलेल्या दोन मुलांची टेस्ट केली तर त्यात कॉक्सॅकी ए16 निघाला, म्हणजे आपला नेहमीचा हॅण्ड फूट माउथच.

हर्पीसचं तोंड येणं वेगळं दिसतं. त्यात हिरड्या सुजतात, लाल होतात, हात लागला की रक्त येतं, फोड पुढे जिभेवर आणि ओठांवर असतात आणि दहा-बारा दिवस चालतं. त्याच्यावर औषध आहे पण ते लवकर सुरू केलं तरच उपयोग, म्हणून घरी फोटो बघून ठरवत बसू नका, दाखवून या.

आमच्या सासूबाई म्हणाल्या उष्णता झालीये, टाकणखाराची लाही मधातून लाव. त्यांनी तीन मुलं अशीच वाढवली, काळजीनेच सांगत होत्या, मला कळतं ते. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स, एवढ्या लहान पोराच्या पोटात तो जायला नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही द्यायचा नाही. डॉक्टरांनी तोंड बधिर करणारी जेल पण नको म्हणून सांगितलं, लहान मुलं ती गिळतात आणि ते धोक्याचं असतं. अँटिबायोटिक दिलं नाही. घरी सगळे म्हणाले असे कसे डॉक्टर, पण व्हायरसवर अँटिबायोटिक काय करणार?

खरं औषध होतं पॅरासिटामॉल, तापापेक्षा दुखण्यासाठी. आणि इथे एक नीट बघा, सिरपची एक बाटली 5 मिलीत 120 मिलिग्रॅमची असते आणि दुसरी 250 ची, दिसायला सारख्याच. डोस वजनावर असतो, किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या 12 किलोच्या लेकीला 180. एका बाटलीतून साडेसात मिली, दुसरीतून जेमतेम साडेतीन. शेजारणीने सांगितलेले 'एक चमचा' देऊ नका, आपल्या बाटलीवरचं वाचून डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही, आणि पावसाळ्यात डेंग्यू असतो म्हणून आयब्युप्रोफेन हे तापाचं दुसरं औषध पण आपल्या मनाने नाही.

आम्ही एक केलं, डोस दिला की अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि मगच प्यायला द्यायचं. तेवढ्या वेळात दुखणं कमी व्हायचं आणि ती तोंड उघडायची. गार दूध, फ्रिजमधलं शहाळ्याचं पाणी, गार ओआरएस, नाचणीचं सत्त्व पातळ करून गार केलेलं, आणि हो, आइस्क्रीम. तापात आइस्क्रीम म्हटल्यावर घरात केवढा गहजब, पण तिने पोटात घेतलेला पहिला पदार्थ तोच होता. मोसंबीचा रस, ताक, टोमॅटोचं सार, मिठाचं काहीही नको, झोंबतं. बाटलीने ओढताना दुखतं म्हणून वाटी-चमचा, आणि चमचाही नको म्हणाली तेव्हा औषधाच्या बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतून 5-5 मिली, दर काही मिनिटांनी. रात्री दोन वाजता बाथरूमच्या लाइटमध्ये मी हे करत बसलेले, ती अर्धवट झोपेत गिळत होती.

जेवणाचा विचार मी सोडून दिला होता. चार दिवस पोळीभाजी नाही खाल्ली तर मूल भरून काढतं, पाणी मात्र थांबता कामा नये. मी फ्रिजवर कागद लावून शू कधी केली ते लिहीत होते. सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, तोंड कोरडं, मूल मलूल पडलंय, असं असेल तर सकाळची वाट बघू नका, न्या. झोपेत सारखं दचकतंय, उलट्या थांबत नाहीत, चालताना झोक जातोय, तीन दिवसांनंतरही ताप आहे, तरी लगेच न्या. हे क्वचित होतं पण यातले काही व्हायरस मेंदूपर्यंत जातात.

आमचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, फोड जायला आठवडा लागला. पण व्हायरस शीमधून पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून डायपर बदलल्यावर हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरवर विसंबू नका, या व्हायरसवर तो फारसा चालत नाही. आम्ही तिथे कमी पडलो आणि पाच दिवसांनी पुतण्याला झालं, त्याला तर हातापायावर पण फोड आले. तो बरा होऊन महिना झाल्यावर जाऊबाईंचा घाबरून फोन, अंगठ्याचं नख मुळाशी सुटून वर आलंय म्हणून. तेही यातलंच, काही मुलांची नखं नंतर अशी गळतात, दुखत नाही. मी जाऊन बघितलं तर जुन्या नखाखाली नवं गुलाबी नख निम्म्यापर्यंत आलेलं होतं.